राखाडी सूट

प्रिय मिफुयु,

अगं, तुला राखाडी सूट घातलाय. नोकरीच्या मुलाखतीसाठी घेतलेला तोच, ज्याला तू पोतं म्हणायचीस. परवा ऑफिसात कोसळलीस ती उठलीच नाहीस, आणि उद्या सकाळी तुला पेटीसकट दहनाला नेणार. मी शेजारच्या खोलीत बसलेय. मांडीवरच्या पिशवीत तुझा निळा, झालरींचा झगा आहे.

कालचा सगळा दिवस तो घेऊन बसले होते. दहनाच्या शवपेटीत धातू चालत नाही असं अंत्यविधीवाले म्हणाले, म्हणून चेन उसवली, हुक काढले, जागोजागी रिबिनी लावल्या. घेरातली तारसुद्धा ओढून काढली. आता तो फुगणार नाही. झोपून कुठे मिरवायचंय, असं तूच म्हणाली असतीस.

आपण दोघी असेच झगे घालून हाराजुकूच्या रस्त्यांवर हिंडत होतो, तेव्हा भेटलेली ती परदेशी बाई आठवते? कुठल्या नाटकात काम करता, असं विचारलं तिने. केवढी चिडलीस तू! मग हसून म्हणालीस, "हा घेर तुमच्याच पणजीचा. तुम्ही टाकलात, आम्ही उचलला." ती बाई स्वतः जीन्स आणि पांढऱ्या टी-शर्टात. नंतर क्रेप खाताना तुझं सुरूच. त्यांचे कपडे म्हणे अंगाचा आकार दाखवायला आणि चारचौघांत खपून जायला. आपले मात्र आतल्या माणसाला जरा हातपाय पसरता यावेत म्हणून. तेव्हा मला ते अतीच वाटलं होतं, त्यात तुझ्या नाकाला क्रीम लागलेलं. आज तुझ्या ऑफिसातले सगळे सुटाबुटात रांगेने बसलेत आणि तूही त्यांच्यातलीच एक दिसतेस. मला नाही बघवत गं.

तुझ्या आईला झगे माहीत होतेच. शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून ती ते आतल्या खोलीत वाळत घालायची. सकाळी मी पिशवी उघडणार, तेवढ्यात तिने माझा हात धरला. तुझी कॉलर सारखी करत म्हणाली, "हिने मुलाखतीला हा सूट घातला ना, त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली. चिगुसा, तू तिची मैत्रीण, तू सांग. शोभतोय ना गं हिला?" रडून रडून डोळे सुजले होते तिचे. म्हटलं, हो काकू, छान दिसतोय. आणि पिशवी पायाशी सरकवली.

आत्ता तिनेच हे दोन कागद आणून दिले. पेटीत ठेवायला काहीतरी लिही म्हणाली, कागद चालतो. म्हणून लिहितेय. सगळ्यांच्या चिठ्ठ्या फुलांबरोबर वरच ठेवतात. मला मात्र ही तुझ्या कोटाच्या आत सरकवायची होती, अगदी अंगाला लागून. पण त्यासाठी वरचं बटण सोडावं लागेल, आणि ते तुझ्या आईने स्वतःच्या हाताने लावलंय.

तुझीच,
चिगुसा