माका कित्याक सांगतंस?

आई, मी अजून परळच्या त्याच रुग्णालयात आहे, केसपेपरच्याच खात्यात. फक्त खिडकीपासून उठून आतल्या टेबलाशी गेले आहे. नव्या मुलींना मी शिकवते की रोग्याचं नाव पुकारा, आजार पुकारू नका. शिकवताना तुझा आवाज कानात येतो आणि माझं वाक्य अर्धवट राहतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबागेत मोर्च्यावर लाठ्या चालल्या होत्या, गोळ्याही, आणि दुपारपर्यंत आमच्या व्हरांड्यात जखमी गिरणीवाले ओळीने झोपवलेले होते. साध्या कपड्यांतला एक पोलीस खिडकीशी येऊन त्यांच्या नावांची वही मागू लागला. मी नुकती बी. ए. झालेली. म्हटलं, "मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा." तो म्हणाला, "बाई, नोकरी जाईल हां." मी वही खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

संध्याकाळी मी घरी येते. तू बांगडे साफ करते आहेस. "वहीवर बसलंस?" हसून हसून तू मनगटाने डोळे पुसतेस. "त्या मेल्याचा तोंड बघूक व्हया होता!" आणि मी, त्याच दमात, त्याच चढलेल्या आवाजात म्हणते, "आणि ऐकलंस का, पलीकडच्या खोलीतल्या वहिनी आज आमच्या रुग्णालयात आल्या होत्या. क्षय निघाला त्यांना." तुझा हात थांबतो. "पोलिसाक सांगूक नाय," तू म्हणतेस, "मगे माका कित्याक सांगतंस?"

"तू काय परकी आहेस?"

"मी नाय गो. पण दुखणा तिचा."

मला राग आला होता. आईला सांगणं म्हणजे का बोभाटा? पण चाळीत दिवसा कोणी दार लावत नसे, आणि मी काही कुजबुजत नव्हते. आठवड्याभरात नळावर वहिनींची कळशी मागे सरकवली जाऊ लागली. हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांच्या दारावरून पुढे जाऊ लागलं. नवऱ्याने त्यांना औषध अर्धवट असतानाच गावी धाडलं. तू त्यांची वळकटी घेऊन भाऊच्या धक्क्यापर्यंत गेलीस, बोट सुटेपर्यंत थांबलीस. मी कामावर गेले. वहिनी परत आल्या नाहीत. त्याबद्दल तू मला एक शब्द बोलली नाहीस, आणि मी ते क्षमा केल्यासारखं धरून चालले.

राज्य मिळालं, चाळीने दिवे लावले. पुढच्या उन्हाळ्यात दोरीवर लुगडं टाकताना तुझा डावा हात वर जाईना. मी विचारलं, तू म्हणालीस, वात आहे. पोलक्याच्या आत पट्टी होती हे मला फार उशिरा कळलं. छातीतली गाठ तू वर्षभर झाकली होतीस. गिरगावात कुणा अनोळखी डॉक्टरकडे माहेरच्या नावाने जाऊन मलम आणत होतीस. मी रडत म्हटलं, "आमच्याकडे चल, तिथे सगळे माझ्या ओळखीचे आहेत."

"म्हणान तर नको," तू म्हणालीस. रागाने नाही, भाजीवाल्याला नको म्हणावं तसं.

शेवटी आणलंच तुला. डॉक्टरांनी पट्टी सोडली, पाहिलं, आणि तीच पट्टी पुन्हा बांधली. तुझा केसपेपर मी स्वतः लिहिला, दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिला नाही. तू माझ्या हाताकडे पाहत होतीस. तुला तेव्हा काय वाटत होतं, हे मी वीस वर्षं स्वतःला विचारते आहे. विश्वास वाटत होता असं एखाद्या दिवशी वाटतं. बहुतेक दिवशी वाटत नाही.

मी रोजनिशी लिहिते, हे तुला ठाऊक आहे. खोटं लिहीत नाही. पण एक दिवस मी त्यात कोरा सोडला आहे. तुझ्या तेराव्याला चाळीतल्या बायका जमल्या. एकीने विचारलं, "नक्की काय झालं होतं गो आईला?" आणि मी सांगितलं. कुठे, केवढी, कधीपासून, पट्टीला वास कसा येत होता, सगळं. त्या डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या, आणि मला, आई, सांगताना बरं वाटत होतं.