मास्तर जाणार म्हणतात

आई, मास्तर क्लब सोडून जाणार ही बातमी मला पहिल्यांदा रिक्षात कळली. रविवारची सकाळ होती. मी चिखलीहून बसने कासारवाडीला उतरले आणि नेहमीच्या रिक्षावाल्या भाऊंच्या रिक्षात बसले. ते आपल्या फुटबॉल क्लबचे जुने वेडे, एक मॅच चुकवत नाहीत. रिक्षा सुरू करायच्या आधीच मागे वळून म्हणाले, "ताई, ऐकलं का? मास्तर चालले. कोल्हापूरच्या टीमने बोलवलंय त्यांना." मी हसले. म्हटलं, दरवर्षी कुणीतरी ही आवई उठवतंच. "या वेळी उठवलेली नाही," एवढंच ते म्हणाले, आणि दापोडीच्या मैदानाकडे रिक्षा काढली. एरवी तोंडाला खळ नसलेला माणूस असं मोजून बोलला, तेव्हा मला पहिल्यांदा ते खरं वाटलं.

तू गेल्याला बरीच वर्षं झाली, पण मैदान तू पाहिलंस तसंच आहे. पलीकडे रेल्वेचे रूळ, अलीकडे पत्र्याची शेड, गवत नावालाच. तू परभणीकडची, फुटबॉल म्हणजे काय ते लग्न होऊन इकडे आल्यावर पाहिलंस. तू कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होतीस आणि मास्तर त्याच कंपनीत टर्नर होते, कंपनीच्या टीममध्ये खेळायचे. मग कंपनीने टीमच बंद केली. तेव्हा त्यांनी दापोडीच्या गल्ल्यांतली पोरं गोळा केली आणि क्लब काढला. शाळेत कधी शिकवलं नाही त्यांनी, पण सगळे मास्तरच म्हणायला लागले. आपला धाकटा खेळायला जायला लागला म्हणून तूही जायला लागलीस, आणि नंतर तर धाकटा संघात नसला तरी तू असायचीस. मध्यंतराला पोरांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचीस. एकदा रेफरीला ओरडलीस, "ए शिट्टीवाल्या, डोळे फुटले का रे तुहे?" मी शरमेने मान खाली घातली होती. मास्तर मात्र हसून हसून खाली बसले होते.

त्या रविवारी मॅच संपल्यावर टपरीवर नुसता गदारोळ. माणसं चहा हातात धरून भांडत होती. रिक्षावाले भाऊ पुरावे देत होते, "मास्तरांनी घराला रंग दिलाय. भाड्याने द्यायचं नसेल तर आत्ता कशाला रंग? पोरगी तिकडेच नांदते. आणि आज बघितलं का, पोरांना एकदा तरी ओरडले का ते? खुर्चीत बसून होते. ओरडत नाही म्हणजे माणसाचं मन इथं नाही." समोर गावातले म्हातारे काका होते, क्लब निघाला त्या दिवसापासून रोज मैदानावर येणारे. ते उसळले, "गप रं! मास्तर कुठं जात न्हाई. आन आमी जाऊ दिऊ व्हय? हितंच हाडं टाकणार हाय त्यो." एक तरुण मुलगा, हिंजवडीला कामाला असतो, तो म्हणाला, "काका, नवीन माणूस आला तर वाईट काय? टीम वरच्या डिव्हिजनला जाईल." काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो कपातच बघत बसला. मी एका कडेला उभी. या सगळ्यांना टीमची काळजी होती. मी शेडकडे बघत होते. तिथे धाकटा जाळी गुंडाळत होता, आणि त्याने एकदाही टपरीकडे मान वळवली नाही.

तुला माहीत नाही ते सांगते. तुझ्या माघारी धाकट्याची नोकरी गेली. त्याच्या कंपनीने तो काम करायचा ती लाइनच दुसऱ्या राज्यात नेली, कायम होणारी पोरं रस्त्यावर आली. आधी तो दिवसभर झोपायचा. मग प्यायला लागला. मग घरातून निघून जायचा तो दोन-दोन दिवस कुठे असायचा, कळायचं नाही. तू हॉस्पिटलात माझं मनगट धरून म्हणाली होतीस, "त्याला एकलं सोडू नको." मी नव्हतं सोडलं, आई, पण मला माझं घर होतं, कुरुळीच्या कंपनीत शिफ्ट होती, लेकरू लहान होतं. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी तो घ्यायच्या आधी भिंतीला हात लावायचे. तेव्हा मास्तर रोज सकाळी त्याच्या खोलीच्या दारात यायला लागले. उपदेश नाही, काही नाही. "गोलकीपर पोरांस्नी बॉल मारायला माणूस न्हाई, चल," एवढंच. उठला तर उठला, नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. कधीतरी तो उठला. मग शेडची किल्ली त्याच्याकडे आली, मग लहान पोरांचा सराव आला, मग एका वर्कशॉपमध्ये काम लागलं. तुला सोपं करून सांगते आहे. सोपं नव्हतं. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की धाकटा मास्तरांच्या खांद्यावर उभा आहे. आणि आता तो खांदा निघणार होता.

त्या आठवड्यात मला तुझं कँटीन फार आठवलं. शाळेला सुट्टी होती आणि मी तुझ्याबरोबर आले होते. ते मोठे टोप, वाफ, आणि कोपऱ्यात पोत्यावर बसलेली मी. प्रेस शॉपमध्ये अपघात झाल्याची ओरड झाली. बाबा प्रेस शॉपमध्येच होते. सगळ्या बायका दाराकडे धावल्या. तू फक्त एकदा वर बघितलंस आणि कणीक मळत राहिलीस. मी रडायला लागले तर माझ्यासमोर भाजीची पाटी सरकवलीस. "कामून रडायलीस? भ्यायचं तर भी, पण हात चालू ठिवून भी." मी रडत रडत वाटाणे सोलले. बाबा किती तरी वेळाने दारात दिसले, धडधाकट. हात दुसऱ्याच कुणाचा गेला होता. तू त्यांच्याकडे पाहिलंस, आणि मग पहिल्यांदा खाली बसलीस. त्या वेळी मला तुझा राग आला होता. आता मी इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी उभी असते, एकेक पार्ट उचलते, माप बघायला गेज लावते, खाली ठेवते, आणि मनात धाकटा. हात चालू आहेत, आई. भीती काही कमी होत नाही त्याने.

शुक्रवारी त्याने फोन उचलला नाही. सकाळी केला, चहाच्या सुट्टीत केला, जेवणाच्या सुट्टीत केला. त्याच्या वर्कशॉपला फोन लावला तर ते म्हणाले, आज सुट्टी घेतलीय. मी सुपरवायझरला अंग दुखतंय म्हणाले आणि निघाले. कुरुळीहून भोसरी, भोसरीहून दापोडी, रस्त्यात सगळीकडे ट्रेलरच्या रांगा, आणि मी प्रत्येक सिग्नलला नुसती चडफडत होते. खोलीला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "सकाळीच गेले, पाठीला बॅग होती."  पूर्वी तो जायचा तेव्हाही बॅग न्यायचा. मी मैदानावर गेले, शेड बंद. मग जिथे पुन्हा कधी जावं लागू नये म्हणून देवाला हात जोडले होते, त्या पुलाजवळच्या देशीच्या दुकानात गेले. दारात उभी राहून एकेका चेहऱ्याकडे बघितलं. एक माणूस म्हणाला, "कुणाला शोधताय ताई?" मला भावाचं नाव तोंडातून काढता येईना. काढलं तर खरं होईल असं वाटलं. तशीच वळले आणि मास्तरांच्या घरी गेले.

दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. मागे भिंतीला लागून खोकी रचलेली, रंगाचा वास. म्हणजे खरं होतं. मी दारातच म्हणाले, "धाकटा कुठंय?" आणि माझा आवाज ऐकून आतल्या खोलीतून तोच आला, हातात सुतळी, केसांत धूळ. दिवसभर मास्तरांचं सामान बांधत होता. फोन बॅगेत, बॅग खोक्यांच्या मागे. मी त्याच्या दंडावर एक चापट मारली, मग दुसरी मारली, आणि मग रडले.

"ताई, अगं मला आधीच माहीत होतं," तो म्हणाला. "मास्तरांनी सगळ्यांत आधी मलाच सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरतेस म्हणून."

मास्तर खुर्चीत बसले होते, आता केस सगळे पांढरे झालेत त्यांचे. म्हणाले, "बस पोरी. च्या घे." मी बसले नाही. आई, मी मास्तरांवर आवाज चढवला. तू असतीस तर मला तिथेच गप्प केलं असतंस. मी म्हणाले, "तुम्ही जाताय, आणि याचं काय? हा तुमच्या आधाराने उभा आहे." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला बी तसंच वाटायचं. पर वरीसभर टीम ह्योच लावतोय. मी नुसता खुर्चीत बसून असतोय. लोकांस्नी वाटलं, मास्तरांचं मन उडालं. मन उडालं न्हाई, ह्येला जमतंय का ते बघत हुतो." मी विचारलं, मग जाताच कशाला? तर खाली बघून, लाजल्यासारखे म्हणाले, "पोटापायी कोल्हापूर सोडलं, खेळायची हौस तिथंच ऱ्हायली. तिथं मैदान गच्च भरतंय, पेठापेठांतनं माणसं येत्यात. मरायच्या आधी त्या गर्दीच्या शिव्या खायच्या हायत मला." त्यांना हवं होतं, आई. आजार नव्हता, भांडण नव्हतं, काही नव्हतं. या माणसाला स्वतःसाठी काही हवं असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

तरी मी विचारलंच. धाकटा समोर होता तरी विचारलं, "आणि हा पुन्हा पडला तर?" धाकट्याने सुतळीची गाठ मारायला घेतली. मास्तरांनी त्याच्या हातातल्या गाठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पडंल बी. ते माझ्या हातात कवाच नव्हतं, पोरी. तुझ्या बी न्हाई." मला धीर हवा होता, आणि त्यांनी तो दिला नाही. घरी परत जाताना बसमध्ये मला त्यांचा संताप आला होता. आता वाटतं, त्यांनी खोटा धीर दिला असता तर माझी भीती दुप्पट झाली असती.

मास्तरांच्या शेवटच्या मॅचला गर्दी झाली. रिक्षावाल्या भाऊंनी हार आणला आणि घालताना स्वतःच रडले. म्हातारे काका मैदानाकडे पाठ करून बसले होते, मास्तर जाऊन त्यांच्या शेजारी बसले तरी वळले नाहीत, फक्त त्यांचा हात धरून ठेवला. आणि मास्तर गेल्याच्या दुसऱ्या रविवारी टपरीवर नवा वाद, मास्तरांच्या जागी आलेला धाकटा टिकणार का? "पोरगा चांगला आहे, पण राव, पितो ना तो?" "प्यायचा. आता नाही." "सवय ती, सुटते व्हय कधी?" मी तिथेच उभी होते, त्यांना माहीत नव्हतं. आणि धाकटा माझ्यामागे उभा होता, हे मला माहीत नव्हतं. तो पुढे झाला, "एक कटिंग द्या," म्हणाला, आणि त्यांच्याच बाकावर बसला.  काकांनीच घसा खाकरून विचारलं, "ल्येका, म्होरल्या रविवारी डावीकडं कुणाला खेळवणार?" मग वाद पुन्हा सुरू झाला, या वेळी डावीकडच्या पोरावरून.

पहिली मॅच तो हरला. वाईट हरला. शेवटच्या शिट्टीनंतर लोक त्याच्या तोंडावर बोलले, मास्तर असते तर असं झालं नसतं. तो ऐकत उभा राहिला, पोरांना पाणी दिलं, जाळी उतरवली. मी शेडपाशी थांबले होते. मला मॅचशी काही देणंघेणं नव्हतं. माझं सगळं लक्ष या हरलेल्या माणसाच्या संध्याकाळकडे होतं.

हे मी कंपनीतून येऊन, जेवणाआधीच्या मोकळ्या वेळात लिहिते आहे, आणि लिहून झालं की फाडून टाकणार आहे, कारण ते धाकट्याच्या हाती लागायला नको. सगळ्यांना मी सांगते की आता मला काळजी नाही, भाऊ सावरला. तुला खरं सांगते. त्या दिवशी शेडपाशी मी त्याच्या शर्टाची कॉलर नीट करायच्या निमित्ताने जवळ गेले आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. नेहमीच घेते. त्याला माहीत आहे. मी कॉलरला हात लावला की तो थांबतो, मान जरा खाली करतो, आणि मला नीट कळावं म्हणून तोंड उघडून एक मोठा श्वास सोडतो.