तेल लावायचं राहिलं

आबा, आज सकाळी ती गाडी परत आली. वरच्या पाड्यांवर लसीची पेटी घेऊन जाणाऱ्या आरोग्यसेवक भाऊंची. बाकी सगळे तिला डर्ट बाईक म्हणतात, तुम्ही म्हणायचात, "सारंगखेडानी घोडी उनी," जणू ती तिथल्या घोडेबाजारातूनच दौडत आली. तिचं बाजूचं झाकण उघडलं आणि आतला स्पंजचा फिल्टर माझ्या बोटांत शिळ्या भाकरीसारखा तुटला. धुऊन उपयोग नव्हता. नवीन काढला, आणि तो हातात घेतल्यावर मला तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी आज लिहायला बसले आहे.

तुमचा मुलगा कामाला सुरतला गेला आणि तुमचे गुडघेही त्याच वर्षी गेले. गॅरेज बंद करायचं म्हणत होतात, तेव्हा मी तुमच्या हातात पाने-पकडी द्यायला म्हणून येऊन बसले. तळोद्यात चार दिवस लोक हसले. सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन स्कूटर खोलते म्हणजे काय! पदर सारखा घसरायचा, गाडीच्या चेनजवळ लोंबायचा, आणि तो सावरताना माझ्या हातातला पाना पडायचा. एका सकाळी तुम्ही स्वतःचा जुना खाकी शर्ट माझ्यापुढे टाकलात. "हाई घाल, माय. पदर खोची ले. चैनले नातं समजत नही." एवढंच बोललात आणि दुसरीकडे तोंड करून बसलात. माहेरून आलेल्या सगळ्या साड्या एका बाजूला आणि तो शर्ट एका बाजूला. अजून तोच घालते.

फिल्टर बघून तुम्ही गाडीवाल्याचा धंदा सांगायचात. झटकल्यावर शिंका आल्या तर हा नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवरचा, पिंजलेला कापूस निघाला तर जिनिंगवरचा. भाऊंच्या फिल्टरात मात्र पिठासारखी बारीक लाल माती. तुम्ही मला शिकवलंत: पेट्रोलमध्ये धुवायचा नाही, चिकटवलेला जोड सुटतो, रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, सावलीत वाळवायचा. आणि मग तेल. कणीक तिंबतो तसं बोटांनी सगळीकडे मुरवायचं, कारण धूळ अडवतं ते तेल, कोरडा स्पंज नुसता दिखाऊ.

एकदा भाऊंच्याच गाडीचा फिल्टर मी धुऊन पिळला. समोर चार गिऱ्हाइकं उभी, आणि तुम्ही ओरडलात, "अवं, धुणं शे का ते? दाब, पिळू नको!" लोक हसले. मला असा राग आला, आबा! दिवसभर मी तुमच्याशी बोलले नाही. दुपारी वाळलेला फिल्टर उचलला, धाडकन बसवला, झाकण लावलं आणि गाडी देऊन टाकली.

त्या संध्याकाळी मी चुलीपुढे बसले आहे. परातीत कणीक, तिच्यावर तेलाची धार सोडते, बोटं आत जातात, आणि तिथेच थांबतात. तेल लावायचं राहिलं. भाऊ त्या रात्री तळोद्यातच बहिणीकडे मुक्कामाला होते, चालत दहा मिनिटं. तुम्ही ओट्यावर बसला होतात. एक हाक मारायची होती. पण सकाळचं हसणं कानात होतं. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या सर्व्हिसिंगला लावू, कुणाला कळतंय! मी पोळ्या लाटल्या आणि तुम्हाला वाढल्या.

महिन्याभरात इंजिनानं माती खाल्ली. वैशाखाच्या उन्हात, चढावर गाडी बंद पडली. भाऊ पेटी डोक्यावर घेऊन पाड्यापर्यंत चालले, पोचेतोवर बर्फाचं पाणी झालं होतं. बायका लेकरं घेऊन सकाळपासून बसलेल्या, तशाच परत गेल्या. भाऊ गाडी टेम्पोत घालून घेऊन आले आणि भर चौकात तोंड सोडलं. तुम्ही झाकण उघडलंत, स्पंजावर बोट फिरवलंत, कोरडं बोट पाहिलंत. मग एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी पाने पुसत होते. पुसलेलेच पुन्हा पुसत होते.

"मन्हीच चूक शे, भाऊ," तुम्ही म्हणालात. "तेल लावानं राही गयं. आते वय व्हई गयं."

चाळीस वर्षांचा हात तुमचा. तळोद्यात कुणी कधी त्याला नाव ठेवलं नव्हतं. त्या दिवसानंतर लोक गाडी लावताना हळूच म्हणायला लागले, "म्हाताऱ्याकडे नको, ताई तूच कर." माझं नाव झालं ते असं. तुम्ही बाकड्यावर बसून मला पाने द्यायला लागलात. मी दोन वर्षं रोज म्हणायचे, आज सांगू, आज सांगू. रात्री जेवताना तुमच्यासमोर मी ताटातला घास नुसता चिवडत बसायचे, आणि तुम्हीच म्हणायचात, "खाई ले, माय." भित्री होते मी आबा, दुसरं काही नाही.

आज नव्या फिल्टरला तेल मुरवत होते. भाऊ शेजारी चहा पीत उभे. म्हणाले, "तेल बराबर लाव हां ताई. तुझा म्हातारा त्या टायमाला विसरला होता."

माझे हात थांबले. म्हटलं, "भाऊ, म्हातारा नव्हता विसरला. मी विसरले होते. संध्याकाळी आठवलंही होतं, तरी सांगितलं नाही."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. कप खाली ठेवला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "सून असावी तर अशी," म्हणाले. "मेल्यावरबी सासऱ्याची चूक आपल्या अंगावर घेते." शेजारच्या टपरीवाल्यालाही बोलावून सांगितलं.

हा कागद तुमच्या शर्टाच्या खिशात घडी करून ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार! एक तेवढं लिहायचं राहिलंय. भाऊंचा विश्वास बसला नाही, तेव्हा मला बरं वाटलं, आबा. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.