मी कधीही न पाळलेलं कुत्रं

कोल्हापूर,
७ नोव्हेंबर २००४

ती. बसम्माक्का हिच्या चरणी शिवलीलेचा शरणार्थ.

इकडे मी बरी आहे, म्हणजे रक्तदाब, चष्मा आणि शेजारी सोडले तर बाकी सगळं ठीक आहे. तुझ्या गुडघ्याला त्या वैद्याच्या तेलाने उतार पडला का ते कळव. पडला नसेल तर तेही कळव, कारण ते तेल घेऊ नकोस असं मी आधीच सांगितलं होतं. काजू पोचले. आजऱ्याचे म्हणून दिले असतील, पण अर्धे खवट निघाले. दुकान बदल. (रागावू नकोस. छत्तीस वर्षं वह्या तपासल्यावर माणसाला नुसतं 'छान' असं लिहिता येत नाही.)

तुला गडहिंग्लजला कळलंच असेल की शाहूवाडीचा जोतीराम तिसऱ्यांदा आमदार झाला. आता त्याला राज्यमंत्री करणार म्हणून इथे चौकाचौकात त्याचे फलक लागले आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडावरचा फलक इतका मोठा आहे की माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्याचा फक्त डावा कान आणि अर्धी मिशी दिसते, आणि मी रोज त्यांच्याकडे बघत भाकरी थापते. वर लिहिलंय 'मातीतला माणूस'. निवडणूक जाहीर झाली की हे गृहस्थ धोतर नेसून नांगरामागे उभे राहतात, फोटो निघतो, आणि मग ज्याचा नांगर असतो तो आपला नांगर घेऊन जातो. (या वेळच्या फोटोत बैल पुढे बघताहेत आणि हा फोटोवाल्याकडे. असं नांगरलं तर फाळ पायात घुसेल, हे आपल्यासारख्या व्यापाऱ्यांच्या मुलींनाही कळतं.) सभेला आला की गाडीतून उतरताना चपला ड्रायव्हरकडे देतो आणि अनवाणी व्यासपीठावर चढतो. ड्रायव्हर बिचारा दीड तास त्या चपला धरून उभा असतो. त्याच्याही घरी शेती असेल, पण त्याचं कौतुक कोण करणार.

पण हा अनवाणी येवो नाहीतर हत्तीवरून येवो, माझं काही म्हणणं नव्हतं. भाताच्या दरासाठी याने मलकापूरच्या रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावल्या आणि पुढारी झाला, तेव्हाही मी एक शब्द बोलले नाही. माझं म्हणणं पुढचं आहे. याचं सगळं राजकारण एका गोष्टीवर उभं आहे, आणि त्या गोष्टीतली दुष्ट बाई मी आहे.

ब्याण्णव साली जिल्हा परिषदेला उभा राहिला तेव्हा त्याने ती पहिल्यांदा सांगितली. शेतकऱ्याचं पोर कॉन्व्हेंटमध्ये नाव घालायला गेलं आणि बाईंनी परत पाठवलं. इथवर ठीक आहे. अडुसष्टच्या जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाच्या टेबलाशी मी बसले होते, नोकरीला लागून वर्ष झालं होतं. याचे वडील याला घेऊन शाहूवाडीहून आले. अर्जाची मुदत संपली होती. मी सांगितलं, पुढच्या वर्षी या. दोन मिनिटांचं काम. पंच्याण्णवला आमदारकीचा फॉर्म भरला तेव्हा त्या गोष्टीत धो धो पाऊस आला आणि मी बापलेकांच्या तोंडावर फाटक लावून घेतलं. (फाटक त्या वर्षी रंगवायला काढून नेलं होतं. शाळेला दोन महिने फाटकच नव्हतं, आणि गाढवं आत येत होती.) नव्याण्णवला मी त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं. तेव्हापासून तो भर सभेत धोतर वर करून पोटरीवरचा व्रण दाखवतो आणि बायका डोळ्यांना पदर लावतात. मला तांदूळ आणून देणारी चिमणाबाई त्याच्याच गावची. ती म्हणते, "कुत्रं कसलं वो बाई, म्हशीनं लाथ मारलीया त्येला. मी हुतो की तितं." पण चिमणाबाईला सभेत कोण बोलावतंय.

अक्का, मी जन्मात कुत्रं पाळलं नाही. मला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. आणि सिस्टरांच्या शाळेत कुत्रं बाळगायची शिक्षिकेची छाती होती का, हे ज्यांनी त्या सिस्टर पाहिल्या आहेत त्यांना विचारावं.

म्हणून मी खुलासा करायला निघाले. इथेच माझं चुकलं. कोल्हापुरात व्यासपीठाच्या दिशेने चालत येणारी, काठापदराचं लुगडं नेसलेली, पांढऱ्या केसांची बाई ही एकाच कामासाठी आलेली असते, असं या लोकांना वाटतं. पहिल्या सभेला मी कागदावर मुद्दे लिहून गेले. पायरीशी एका पोऱ्याने दंड धरला. मी म्हटलं, मला खुलासा करायचा आहे. तो म्हणाला, "व्हय व्हय, खुलासा बी हुतोय की, आदी शाल तर घ्या." आणि मला रांगेत उभं केलं. माझ्या पुढे एक पैलवान आणि मागे म्हशींच्या स्पर्धेत पहिला आलेला शेतकरी. शाल, नारळ, फेटा. पुरुषाचा फेटा, अक्का, माझ्या अंबाड्यावर. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, खाली 'ज्येष्ठ शिक्षिकेची कृतज्ञता'. दुसऱ्या सभेला मी शाल परत करायला गेले, तर दुसरी मिळाली. आता माझ्याकडे पाच शाली आहेत आणि चटणीचा नारळ मी चार वर्षं विकत आणलेला नाही. वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ते त्यांनी 'बाईंचे आशीर्वाद' म्हणून छापलं. प्रत्येक खुलाशानंतर त्याची मतं वाढली. नव्याण्णवच्या मानाने या वेळी नऊ हजार मतं जास्त घेऊन आला, त्यातल्या निम्म्यांचं पाप माझ्या माथ्यावर आहे.

आणि परवाची विजयी मिरवणूक. मी दुधाला बाहेर पडले होते, तर बिंदू चौकात ट्रकवरून मीच आले. पुठ्ठ्याचं फाटक, त्यापुढे रंकाळ्याकडच्या तालमीतला पिराजी पैलवान माझ्या वेशात: पांढरं लुगडं, चष्मा, हातात वेताची छडी आणि ओठांवर लाली. (लाली मी विद्यार्थिनी असताना, एकसष्टच्या शाळेच्या नाटकातसुद्धा लावली नाही.) समोर एक पोरगं अनवाणी रडतंय. कुत्रं मात्र खरं आणलं होतं. ते हलगीला भिऊन पिराजीच्या कडेवर चढून बसलं होतं आणि पिराजी त्याला "गप, गप, बाळा" करत होता. लोक टाळ्या वाजवत होते. ट्रकच्या टपावर, गळ्यात हार घालून, तुझा लेक प्रभुलिंग. जोतीरामसाहेबांचा तालुकाध्यक्ष म्हणून ट्रकही त्याचाच आणि फाटकही त्यानेच रंगवून घेतलेलं. माझ्या घरी दहा वर्षं राहून, माझ्या हातचं जेवून, माझ्याच शाळेत शिकला. मला बघून त्याने मान फिरवली, इतकी तरी लाज आहे.

जोतीरामने मात्र मला पाहिलं. ट्रक थांबवला, खाली उतरला, भर रस्त्यात माझ्या पाया पडला आणि उठता उठता कानाशी काहीतरी बोलला. हलगीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. सहावी शाल घालू लागले तेव्हा मी दुधाची किटली मध्ये धरली आणि निघाले.

आता एक बरं झालं आहे. श्रीपाल नावाचा एक तरुण वार्ताहर माझ्याकडे आला होता. जैनाचा मुलगा, नीट बोलतो, बूट बाहेर काढतो. त्याला कुत्र्याची गोष्ट खोटी वाटते आणि तो खरं काय घडलं ते छापणार आहे. त्या दिवशी टेबलापाशी आणखी कोण होतं असं विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. तो गुरुवारी गडहिंग्लजला येईल. त्याला चहा दे आणि जे खरं ते सांग. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीचा प्रश्न आहे.

तब्येतीला जप. सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग, प्रभुलिंगला सोडून.

तुझी,
शिवलीला

ता. क. हा कागद वेगळा आहे. वरची पानं श्रीपालला दाखव, हा दाखवू नकोस. काजू चांगले होते. नुसता खुलासाच लिहिला असता तर पत्र मुद्दाम लिहिल्यासारखं वाटलं असतं. मुदत तेव्हा संपलेली होती, एवढं एकच वाक्य तू त्याला सांग. दुसरं काही तुला आठवत नाही. चौसष्टाव्या वर्षी हे कोणालाही पटेल.

ता. क. दुसरा. जोतीराम काय बोलला ते मला नीट ऐकू आलं होतं. तो म्हणाला, "बाई, मुदत दुसऱ्या दिवसापतुर हुती. आमच्या आबांनी माजं नाव पेन्सिलीनं लिवल्यालं बघितलंतं. ऱ्हाऊ द्या की आता. लोकं कुत्र्याकडं बघत्यात तवर प्रभुलिंगकडं कोन बघत न्हाय." एवढं बोलून तो मतदारांकडे वळून हसला. अक्का, त्या दिवशी एकच जागा उरली होती. त्याचं नाव मी लिहिलं होतं, मग तू प्रभुलिंगचं बोट धरून आलीस आणि माझ्याकडे नुसतं बघितलंस. खोडरबर माझंच होतं. प्रवेशाच्या वहीचा कागद जरा फाटला, म्हणून वर प्रभुलिंगचं नाव शाईने ठळक लिहिलं. ते पान शाळेत अजून आहे, आणि ज्याला कुत्रं खोटं वाटतं तो उद्या ते मागायला जाणार.

ता. क. तिसरा. वरची पानंही दाखवू नकोस, चुलीत घाल. श्रीपाल आला की सांग, कुत्रं होतं. मी स्वतः पाहिलं, शिवलीलेनेच सोडलं, ती लहानपणापासून तशीच आहे. रंग तांबडा सांग. जोतीराम काळा सांगतो, पण दोघांचं अगदी जुळलं तर त्या पोराला संशय येईल.