पोरगा पसंत, पाणी बघू

पहिली आली ती पोरीची आत्या, फर्दापूरची द्वारकाबाई. मागून पोरीचा बाप कारभारी, घाम पुसत. थांब सारजे, आधी आक्काचा आशीर्वाद घे. गुडघे कसे हायेत? लासूरला अवकाळीची एखादी सर तरी पडली का? (फोनवर इचारलं असतं, पण सून कान लावून बसती, म्हणून चिठ्ठी.) तर पाव्हणे आले आपल्या विश्वजीतसाठी घर बघायला. नातवाचं लग्न जमतंय म्हणून मी इतकी हरखले, की आदल्या दिवशी जेवणच गेलं नाय.

घर बघायला म्हणजे पाणी बघायला, एवढं मला कळतं. आता पोरीचा बाप पगाराचं मागून इचारतो, आधी नळाचं. इथं गेल्या साली मृग कोरडा गेला, हस्त कोरडा गेला. ढग हर्सूलच्या जेलापर्यंत येतो अन् आत टाकतील या भ्यानं माघारी फिरतो. बाजरीच्या रानात बिल्डिंगी झाल्या, आमच्या बिल्डिंगीचं नाव सरोवर, अन् बोअरमधून निघतो फुफाटा. नळ आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी पाव्हणे बोलावलेले. घरात पाण्याची रेलचेल दिसावी म्हणून मी सकाळीच फाटकापर्यंत सडा टाकला, पायऱ्या धुतल्या, कूलर काठोकाठ भरला, तुळशीला तर न्हाऊच घातलं. म्हणलं, नळ येईलच. नळाला आला नुसता वारा (कुठं पाइप फुटला म्हणे).

प्यायला घरात घोटभर नाय, अन् ऊन असं की फरशीवर पापड भाजावा. मी तांब्याच्या जागी टरबूज ठेवलं, म्हणलं शहरात आता पाण्याऐवजी हेच देतेत. कारभारी भला माणूस, निम्मं टरबूज त्यानंच खाल्लं. मला लई बरं वाटलं. मग त्याचे हात झाले चिकट. मी फडकं पुढं करेपर्यंत द्वारकाबाई मोरीत पोचली होती. तिनं नळ फिरवला, फुस्स झालं. बाहेर येऊन ओल्या अंगणाकडं बघत म्हणली, "मावशी, अंगणाला पाजलं अन् माणसाला टरबूज व्हय?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं बघ, भेगा बी ऐसपैस पडल्यात. जाताना कारभारी एवढंच बोलला, "पोरगा पसंत. पाणी एकदा बघू."

सून म्हणती दुसरी पोरगी बघा. पण विश्वजीतला हीच पायजे. तोंडानं बोलत नाय, रोज उठला की आधी नळ फिरवून बघतो, मग तोंड पाडून तसाच कंपनीत जातो. मला बघवत नाय गं.

बाकी सगळी खुशाली. पावसाबद्दल मी बोलायचं सोडलंय.

तुझी आक्का

ता. क. तुझ्या विहिरीला पाणी हाय, हे मला ठाऊक हाय, नाय म्हणू नको. तुझा अप्पाराव भाजी घेऊन इकडं येतो, त्याच्या पिकअपमधी टाकी भरून दे. गच्चीवरच्या टाकीत ओतली की नळातूनच येईल. सुनेला कळू देऊ नको.

आणखी एक. पाव्हणे आखितीला परत येतो म्हणलेत. त्याच दिवशी पितरांची घागर भरायची, म्हंजी तुझे दाजी बी वरून पाण्यालाच उतरणार. आधी कुणाला पाजू, ते तूच सांग.