तीस तारखेच्या दोन सह्या

९ नोव्हेंबर, सोमवार

नकाशा आला एकदाचा. गेल्या वर्षीच्या जनगणनेवरून समितीनं राज्यातले सगळे मतदारसंघ नव्यानं आखलेत. के.नी (आमचे आमदार, आणि एप्रिलपासून माझे साहेब) तो टेबलावर पसरला नि चार कोपऱ्यांवर चार कॉफीचे मग ठेवले. आमच्या मतदारसंघाची पश्चिमेची फाक कापून शेजारच्याला दिली आहे. त्या फाकेत हेमलॉक टाउनशिप. हेमलॉकमध्ये आमचं घर, घराखाली ओढा, ओढ्यावर तो लोखंडी पूल.

के. म्हणाले, "दे कान्ट डू धिस टु माय पीपल." आवाज छान लागला होता. वार्ताहर असता तर लगेच लिहून घेतलं असतं त्यानं.

मला फक्त पूल दिसत होता.

१० नोव्हें.

पुलाचं पुन्हा एकदा लिहून ठेवते, म्हणजे डोकं हलकं होईल. सप्टेंबरात त्यावर तीन टनांची पाटी लागली. स्कूल बस जात नाही. अलीकडे एक बस पोरांना उतरवते, पोरं चालत पूल ओलांडतात, पलीकडे दुसरी बस उभी असते. फळ्यांमधून खालचं पाणी दिसतं. मधुरा सात वर्षांची आहे. काल म्हणाली, "आई, इट वॉबल्स व्हेन द बिग किड्स जम्प."

के.नी खटपट करून हा पूल पुढच्या वर्षीच्या कामांच्या यादीत घातलाय. टाउनशिप शेजारच्या मतदारसंघात गेली की तिथला आमदार आधी स्वतःचे पूल बघणार. डॉटीनं स्पष्ट सांगितलं, "मग हा पूल पाच वर्षं विसर." डॉटी म्हणजे आमच्या ऑफिसची खरी मालकीण. बावीस वर्षं सेक्रेटरी आहे, नोटरीही तीच.

हरकत घेता येते. ठराव हवा, त्यावर टाउनशिपच्या तीन सुपरवायझरांपैकी (म्हणजे निवडून आलेले गावकारभारी) निदान दोघांच्या सह्या, नोटरीसमोर. तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला कागद हातानं पोचवायचा. पोस्टानं चालत नाही.

के. म्हणाले, "शीला, हे तुझ्यावर." (शैला म्हणता येत नाही. मी सुधारणं सोडलंय.)

१६ नोव्हें., सोम.

दिवसभर टायपिंग. के.चं घरोघर जाणारं पत्र. तीन भाग: नवे मतदारसंघ, शिकारीचे कायदे, सार्वजनिक कामं. शिकारीच्या भागात रविवारच्या बंदीवर लांबलचक, मग केशरी कपडे सक्तीचे (रानात माणूस चटकन दिसावा म्हणून), मग हरणांचा हंगाम 'थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी' सुरू. टायपिंगमध्ये दोनच चुका. स्वतःवर खूश.

डॉटीच्या बहिणीचं ऑपरेशन आहे, ती आजपासून ओहायोला. २९ला परत येणार. ऑफिसात मी एकटी. भीती वाटते असं नाही, पण फोन वाजला की पाठ ताठ होते.

१८ नोव्हें.

वकील म्हणाला, ठराव आणि लोकसंख्येचे आकडे २८च्या आधी येणार नाहीत. म्हणजे सह्या शेवटच्याच दिवशी. तिन्ही सुपरवायझरांना पत्रं लिहिली: ३० नोव्हेंबर, सकाळी दहा, टाउनशिप हॉल. डॉटी शिक्का घेऊन येईल. मग मी सरळ हॅरिसबर्ग. दोन तास लागतात, तीन धरले.

के.ना दाखवलं. तारखेवर पेन्सिल टेकवून क्षणभर थांबले. "लुक्स फाइन," म्हणाले, आणि कोपऱ्यात आद्याक्षर टाकलं.

२० नोव्हें., शुक्र.

जेवताना दिलीपशी वाजलं. नवऱ्याला धातुशास्त्रात पीएच.डी. मिळणार आहे, म्हणून राजकारणही कळतं असं त्याला वाटतं. म्हणाला, "रविवारच्या शिकारबंदीच्या बाजूनं मत दिल्यापासून हेमलॉकवाले तुझ्या साहेबाच्या नावानं खडे फोडतायत. गेल्या निवडणुकीत तिथंच त्यानं आपटी खाल्ली. त्याला ती टाउनशिप हवीच कशाला? जाऊ दे गेली तर, असंच म्हणत असेल मनात."

मी म्हटलं, सगळे तुझ्यासारखे नसतात.

भांडी मी जरा जोरातच आपटली. शेतकऱ्यांनी मागितली म्हणून के.नी बंदीला मत दिलं, आणि त्याची किंमत मोजली. तो माणूस तसा नाही.

२५ नोव्हें., बुध.

चारच्या सुमारास रे बकमनचा फोन. रे हा सुपरवायझरांमधला वडीलधारा, साठीचा, दुधाचा गोठा आहे. ओळख ना पाळख, एकदम म्हणाला, "तुमचं पत्र मिळालं. साहेबांना सांगा, आम्हाला समजलं."

मी म्हटलं, म्हणजे तुम्ही येणार ना?

हसला. हसणं बरं नव्हतं. "लेडी, ही नोज वी वोन्ट बी देअर," म्हणाला आणि फोन ठेवला.

आता याचा काय अर्थ? के.ना सांगायला गेले तर ते कोट चढवून निघालेले. "रे इज ऑलवेज सोअर. (म्हणजे कायम चिडलेला.) हॅपी थँक्सगिव्हिंग!" पाठीवर थाप मारून गेले.

२८ नोव्हें., शनि.

वकिलाचा लिफाफा आला. सगळं नीट आहे. तरी रेच्या घरी दोनदा फोन केला, कुणी उचलत नाही.

२९ नोव्हें., रवि.

मधुराचा डबा कशाचा करू विचारलं. कार्टून बघत, मान न वळवता म्हणाली, "नो स्कूल टुमॉरो, आई. इट्स बक डे."

कसला डे?

"फर्स्ट डे ऑफ बक. एव्हरीबडी'ज डॅड गोज. टीचर्स टू." मग माझ्याकडे बघून, दया आल्यासारखी, "यू डिडन्ट नो?"

नाही, डिडन्ट नो. आमचा इथला पहिलाच हिवाळा. शिकार म्हणजे कुणाचा तरी छंद, सवडीनं शनिवारी करत असतील, असं मी धरून चालले होते. नर हरणांच्या शिकारीसाठी शाळा बंद! पत्राचा मसुदा काढून पाहिला. 'थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार.' माझ्याच हातचं टायपिंग. आणि त्याच हातानं दोन दिवसांनी ३० तारीख. दोन्ही एकच दिवस आहेत हे या शहाणीला कळलं नाही. बी.ए., पहिला वर्ग. शाबास.

के.च्या घरी फोन. बायको म्हणाली, ते कालच डोंगरावर गेले, बुधवारी येतील. रेच्या घरी या वेळी त्याची सून होती. म्हणाली, तिन्ही सुपरवायझर एकाच कॅम्पवर आहेत, म्हणजे रानातल्या खोपटात. तिथं फोन नाही.

डॉटी साडेपाचला घरी पोचली. मी फोनवर सगळं एका दमात सांगितलं. "ओह, हनी." मग, "तारीख कुणी पाहिली होती?"

के.नी.

तिनं विषय बदलला. "उद्या सातला येते. काहीतरी केशरी घाल."

दिलीपनं सगळं ऐकलं. 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणाला नाही. त्याबद्दल आभारी आहे. पण मला ते ऐकू आलंच.

३० नोव्हें., सोम.

आज क्रमानं लिहिते.

केशरी काहीच नव्हतं. हळदीकुंकवाला नेसते ती नारिंगी साडी कोटावरून गुंडाळली, वर पिन लावल्या. डॉटीनं पाहिलं नि गाडीचं दार उघडून धरलं.

गाव ओस. पेट्रोल पंप बंद, बँकेत एकच बाई. रस्त्याकडेला झाडांखाली पिकअपच पिकअप, माणूस एक नाही. डोंगरातून मधूनच बार ऐकू यायचा. डॉटी म्हणाली, कॅम्पच्या अंगणापर्यंतच जायचं, पुढे पाऊल नाही. पहिल्या दिवशी रानात आवाज करून हरणं पळवली तर हे लोक मुलांना, नातवंडांना सांगत राहतील.

कॅम्पवर सव्वानऊ. खोपटाला कुलूपही नाही, आत चूल गरम, कुणी नाही. थांबलो. दहा वाजले. साडेदहा. मी मनात उलटं मोजत होते: पाच वजा दोन, वजा डोंगर उतरायचा एक. डॉटी विणत होती. मला तिचा राग येत होता, विनाकारण.

अकराला रे एकटाच आला, हरण ओढत. मी आधी हरणाकडेच पाहिलं आणि तोंड फिरवलं. शाकाहारी माणसानं कुठं कुठं यायचं! त्यानं आमच्याकडे, मग माझ्या साडीकडे पाहिलं.

"साहेबांनीच हा दिवस निवडला ना? मग आता का आलात?"

"दिवस मी निवडला," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

"कुणाला माहीत नसतं?"

"मला. शपथ घेऊन सांगते. माझी मुलगी रोज त्या पुलावरून चालत जाते. मला नव्हतं माहीत."

रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडू आलंच. रागानं जास्त.

त्यानं हातमोजा काढून पिकअपच्या बॉनेटवर सही केली. बोटाला रक्त होतं, कागदाच्या कडेला जरासं लागलं. डॉटी म्हणाली, असू दे. दुसऱ्या सहीसाठी तो पुन्हा चढण चढला, आणि जाताना तोंडात बोटं घालून जोरात शिट्टी मारली. या दिवशी. रानात. डॉटीचं विणकाम थांबलं. "चाळीस वर्षांत पाहिलं नाही," म्हणाली.

दुसरा सुपरवायझर पावणेबाराला खाली आला, शिव्या घालत. सही केली, शिव्या घालतच. तिसऱ्याची वाट पाहिली नाही.

हॅरिसबर्ग पावणेतीन. खिडकीतल्या मुलीनं शिक्का मारला, वेळ टाकली आणि साडीकडे पाहून म्हणाली, "प्रिटी."

१ डिसें., मंगळ.

ताप. दिवसभर पांघरुणात. दिलीपनं खिचडी केली, करपली, खाल्ली.

३ डिसें., गुरु.

के. आले. दाढी वाढलेली, खुशीत, आठ टोकांच्या शिंगांचं हरण मिळालंय. मी शिक्का मारलेली प्रत समोर ठेवली. वाचली. पुन्हा वाचली. "वेल. गुड वर्क, शीला."

रात्रंदिवस तोंडात घोळवलेलं वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं नाही, पण विचारलं. तीस तारीख कुठली, हे तुम्हाला माहीत होतं ना?

माझ्याकडे थेट पाहिलं. निळे डोळे, त्यात काही सापडेना. "हनी, इथल्या पाळण्यातल्या पोराला ते माहीत असतं. मला वाटलं, तुझं त्यांच्याशी आधीच ठरलंय."

असेलही. माझ्या आईला कुणी विचारलं असतं की दिवाळी कधी आहे हे कुणाला माहीत नसेल का, तर तिलाही पटलं नसतं. पण ती पेन्सिल क्षणभर थांबली होती. मी पाहिली होती. की आता आठवताना थांबवतेय मी तिला?

डॉटीला विचारलं. "मी बावीस वर्षं हे विचारलेलं नाही," म्हणाली आणि फाइल लावू लागली.

८ डिसें., मंगळ.

समितीचा निकाल नाताळच्या आधी, असं म्हणतात. के.चं पत्र तोवर थांबवलंय. पुलाच्या परिच्छेदाच्या दोन प्रती करून ठेवायला सांगितल्या: टाउनशिप राहिली तर एक, गेली तर एक. दोन्ही केल्या. 'मी स्वतः अखेरच्या क्षणापर्यंत झटलो' हे वाक्य दोन्हींत आहे.

दुपारी रेचा फोन. या वेळी आधी मधुरा कशी आहे विचारलं. आपण जिंकलो तर पुढच्या वर्षी हेमलॉकच्या मतपत्रिकेवर पुन्हा के.चं नाव, म्हणाला. म्हणून मत द्यायच्या आधी एकच विचारायचंय. "डिड ही नो?"

पुढच्या खोलीचं दार उघडं होतं. के. टेबलाशी, चष्मा कपाळावर, माझ्याच हातच्या त्या दोन प्रती वाचत. होय म्हटलं तर माझ्याकडे पुरावा नाही. नाही म्हटलं तर तेही खोटं पडू शकतं. आणि पूल अजून यादीत आहे तो याच माणसामुळे.

"मला माहीत नव्हतं, एवढं मी सांगू शकते," मी म्हटलं.

"ते तुम्ही डोंगरावर सांगितलंत," रे म्हणाला. "मी त्यांचं विचारतोय."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही नाही. के.नी मान वर केली आणि कुणाचा फोन आहे म्हणून विचारलं.