उलटा रंगवलेला शोकफलक

लंडन, मंगळवार, १२ मार्च १९२९. सकाळी कचेरीत गेलो, दोन वंशावळी तपासल्या, दुपारी घरी आलो.

आदरणीय हेस्टर वहिनी,

तुमची प्रकृती ठीक असेल, असं लिहिताना पेन अडखळतं. कारण शुक्रवारी गावापुढे तुम्हाला मयत जाहीर करणारा मीच. तरी विचारतो, गुडघा कसा आहे? मिसेस पॉडमोर जेवण वेळेवर देतात ना?

क्षमा कशाची करायची ते तरी तुम्हाला कळायला हवं. राजाचा कुलचिन्ह-अधिकारी म्हणून चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. एका बिशपना त्यांच्या लाल सिंहाची जीभ निळी हवी म्हणून तीन पत्रं धाडली (बिशप तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि जीभ अजून लालच आहे). नव्याने लागलेल्यांना पहिल्या दिवशी मी एकच धडा देतो : आपण ढालीसमोर नव्हे, ढालीमागे उभे आहोत असं समजा. ढालीची उजवी ती बघणाऱ्याची डावी. कोणी गेलं की त्याच्या दारावर कुलचिन्हाचा जो शोकफलक टांगतात, त्यावर त्या उजव्या अर्ध्यात नवऱ्याचं चिन्ह, दुसऱ्यात बायकोचं. जो गेला त्याच्यामागे काळा रंग, जो राहिला त्याच्यामागे पांढरा. एवढंच. आणि सख्ख्या भावाच्या दारावर मी टांगलेल्या फलकात रोलंडदादा ठणठणीत होता आणि तुम्ही गेला होतात.

कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण शेजारचे कर्नल थ्रॅपस्टन जुने गृहस्थ, त्यांना फलक वाचता येतो. ते हॅट काढून आत येतात तो समोर तुम्हीच, चहाचा ट्रे घेऊन. "अरे देवा! हेस्टर, तू? बाहेरच्या फलकावर तर तूच वारलीस असं लावलंय!"

"गेले असते तर चहा कोणी केला असता, कर्नल? मिसेस पॉडमोरच्या हातचा तुम्हाला चालत नाही."

सगळे हसले. तुम्हीसुद्धा, चार दिवसांत पहिल्यांदा. मी शिडी आणून पाहुण्यांदेखत फलक उतरवला (शिडीची पाचवी पायरी मोडली आहे, सांगायचं राहिलं) आणि दफनाच्या वेळी शेवटच्या बाकावर बसलो.

खरी लाज मात्र वेगळीच आहे. तो फलक मी दादा जिवंत असताना रंगवला. डॉक्टरांनी मान हलवली होती आणि तैलरंग सुकायला वेळ लागतो, म्हणून तुमच्याकडेच सफरचंदांच्या माळ्यावर दार लावून बसलो. खालून दादाने हाक मारली, "क्लेम, कसला रे वास?"

"खिडक्यांना रंग देतोय."

"मग माझ्याही खिडकीला दे की. पोपडे निघालेत."

माझ्या हातात काळ्याचा ब्रश होता. त्याच्या बाजूला तो लावायला हात धजला नाही, असं म्हणायला बरं वाटेल. खरं म्हणजे पकडला गेलो म्हणून घाबरलो आणि न बघता लावून मोकळा झालो.

तुमचा दीर,
क्लेमंट

ता.क. तुम्हाला जिवंत करायला पांढऱ्याचे तीन हात लागले. दादाची बाजू अजून काळी केलेली नाही, त्यामुळे या घटकेला फलकावर तुम्ही दोघंही आहात. नियमाने अशा फलकाला काही अर्थ नाही. रविवारी तो चर्चमध्ये लावायचा आहे. दोन-चार दिवस असाच ठेवला तर चालेल का? एवढंच विचारायला हे पत्र लिहिलं.

पुन्हा ता.क. उत्तर पाठवू नका. आज लावला तरच रविवारपर्यंत जेमतेम सुकेल. संध्याकाळी काळा लावला, बघून. ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, फडक्याला पुसला. आता डब्याचं झाकण ठोकून बसवतो आहे.